कुत्रं आजारी पडलं तर : आधी बघा, मग हात लावा



गोठ्यातल्या म्हशीनं एक वेळ वैरणीला तोंड लावलं नाही, तर अख्खं घर जागं होतं. कुणी तिचे कान चाचपतं, कुणी डॉक्टरांना फोन लावतं. शेळी रवंथ करेना झाली तरी आपल्याला घास गोड लागत नाही. पण दारातलं कुत्रं दोन दिवस भाकरीला शिवलं नाही, तर आपण म्हणतो, "बाहेर काहीतरी खाऊन आलं असेल, होईल बरं." कधी होतंही बरं. कधी तिसऱ्या दिवशी ते उकिरड्यामागं मरून पडलेलं दिसतं, आणि पोरं दिवसभर जेवत नाहीत.

कुत्रं दूध देत नाही, त्याला बाजारात भाव नाही, म्हणून त्याचा आजार आपल्या हिशेबात येत नाही. पण शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या बाईला विचारा, रात्री दाराबाहेर कुत्रं असण्यानं किती धीर येतो. मेंढरांच्या वाड्यावर विचारा. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीत ज्याला जागा आहे, त्याच्या दुखण्याकडे आपण जरा नीट बघायला हवं.

यात आपला स्वार्थही आहे. कुत्र्याचे काही आजार माणसाला होतात. त्यातला एक तर असा आहे, की तो एकदा दिसायला लागला की ना कुत्रं वाचतं, ना माणूस. म्हणून आज मी तुम्हाला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणार आहे : आधी बघा, मग हात लावा. मायेनं धावत जाऊ नका आणि कंटाळून दुर्लक्षही करू नका.

पहिला प्रश्न : माणसांना धोका आहे का?

कुत्रं आजारी वाटलं की चार-पाच हात लांब उभं राहा आणि दोन मिनिटं नुसतं निरखा. मनात पहिला विचार रेबीजचा आणा. रेबीज म्हणजे पिसाळणं.

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. तोंडाला फेस, आणि दिसेल त्याला चावत सुटलेलं. असं होतं खरं. पण रेबीजचा दुसराही प्रकार आहे, तो मुका असतो. त्यात कुत्रं चावत सुटत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतं. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, मागचे पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय. मग घरातलीच कुणीतरी पुढं होते आणि हाड काढायला त्याच्या तोंडात हात घालते. मैत्रिणींनो, हा हात कधीही घालू नका. रेबीजचे विषाणू लाळेत असतात. बोटाला साधी चीर असली तरी तेवढी वाट त्यांना पुरते.

आणखी एक गैरसमज काढून टाका. "कुत्रं पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. पाण्याची भीती वाटते ती रेबीज झालेल्या माणसाला. कुत्र्याचं तसं नसतं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याच्या भांड्यात तोंड घालताना दिसू शकतं.

मग ओळखायचं कसं? स्वभाव बदलला का ते बघा. मायाळू कुत्रं गुरगुरायला लागलं, किंवा माणसाला बुजणारं कुत्रं अंगावर यायला लागलं. लाकूड, माती, साखळी चावायला लागलं. उगाच हवेत तोंड मारायला लागलं. चाल झोकांड्या खाणारी झाली. यातलं काही दिसलं आणि त्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल, तर पोरांना घरात घ्या. कुत्रं ज्या खोलीत किंवा गोठ्यात असेल, त्याचं दार बाहेरून लावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याला बांधायला जाऊ नका आणि काठ्या घेऊन मारायलाही जाऊ नका. मारायला गेलेल्यांनाच ते चावतं.

कुत्रं चावलं, ओरबाडलं, किंवा त्याची लाळ उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात गेली, तर पहिलं औषध आपल्या मोरीतच आहे. साबण आणि वाहतं पाणी. घड्याळ लावून 15 मिनिटं जखम धुवा. डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्यानं धुवा. जखमेवर चुना, मिरची, हळद, तंबाखू काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं ही लस मोफत मिळते. आता पोटात चौदा सुया टोचत नाहीत, लस दंडात देतात. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरायचा. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या सुया. लस द्यायच्या पद्धतीप्रमाणे काही ठिकाणी चौदाव्या दिवशीही असते. कार्डावर लिहिलेली एकही तारीख चुकवू नका. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच देण्याचं वेगळं औषध असतं, इम्युनोग्लोब्युलिन. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते. घाबरून टाळू नका.

"कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा" असं सांगतात ते कशासाठी? चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल, तर ते कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल, तर चावताना त्याला रेबीज नव्हता. पण ते बघत बसून माणसाची लस थांबवायची नाही. लस आधी सुरू करायची, लक्ष नंतर ठेवायचं.

आपल्या कुत्र्याला दुसरं पिसाट कुत्रं चावलं, तर त्याचीही जखम साबणानं धुवायची. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. मग त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. चावल्यानंतर द्यायच्या लशी कुत्र्यांसाठीही असतात.

निरोगीपणा माहीत असेल तर आजार कळतो

रेबीजची शंका नसेल तर आता जवळ जा. पण आजारी कुत्रं दुखलं की मालकालाही चावतं. म्हणून तपासण्याआधी सुती कापडाची लांब पट्टी घ्या. तिचा फास त्याच्या तोंडावरून घालून हनुवटीखाली एक गाठ मारा आणि टोकं कानांमागं नेऊन बांधा. कुत्र्याला उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा शुद्ध नसेल, तर मात्र तोंड बांधायचं नाही. जीव गुदमरतो.

ताप. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं अंग साधारण 98.6 अंश फॅरनहाइट असतं, तर कुत्र्याचं 101 ते 102.5. त्यामुळं हात लावून "ताप आलाय" म्हणणं खरं नाही. नाक ओलं की कोरडं यावरूनही काही ठरत नाही. उन्हात झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. मेडिकलमध्ये मिळणारा साधा आकड्यांचा थर्मामीटर आणा आणि तो फक्त जनावरांसाठी वेगळा ठेवा. टोकाला तेल लावून गुदद्वारात इंचभर सरकवा आणि टिकटिक आवाज येईपर्यंत धरा. 103 च्या वर गेला तर ताप. 99 च्या खाली उतरला तर ती तापाइतकीच वाईट खूण.

हिरड्या. ओठ वर करून बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी आतून बघा. पांढरी फटक हिरडी म्हणजे रक्त कमी झालंय. पिवळी म्हणजे कावीळ. निळसर म्हणजे श्वास पुरत नाही. हिरडीवर बोट दाबून सोडा. दबून पांढरा झालेला भाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा.

पाणी. मानेमागची कातडी चिमटीत धरून उचला आणि सोडा. ती चटकन जागेवर बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय.

श्वास. कुत्रं सावलीत शांत झोपलेलं असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते मिनिटभर मोजा. तीसपर्यंत ठीक. झोपेतही त्याहून जास्त असेल तर दुखणं आहे.

ही चार परीक्षा कुत्रं चांगलं असतानाच करून बघा. आपल्या कुत्र्याची रीत माहीत असली की बदल लगेच ध्यानात येतो.

ज्यात थांबायचं नाही

उलटी एकदाच झाली, कुत्रं बाकी खेळतंय, पाणी पितंय, तर एक दिवस वाट बघायला हरकत नाही. पण पुढच्या गोष्टींत उद्या म्हणायचं नाही.

पिल्लाची रक्ताची हगवण. दीड महिन्यापासून सहा-आठ महिन्यांपर्यंतचं, लस न दिलेलं पिल्लू मलूल झालं, उलट्या करू लागलं आणि त्याला घाण वासाची, रक्ताची हगवण लागली, तर तो पार्व्हो असू शकतो. त्यात पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, आणि ते जातं मुख्यतः अंगातलं पाणी संपून. वेळेत सलाइन लागलं तर बरीच पिल्लं वाचतात. हा आजार माणसाला होत नाही. पण त्याचे विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून ती जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा. फिनेलनं भागत नाही. त्या अंगणात काही महिने लस न दिलेलं नवं पिल्लू आणू नका.

विषबाधा. फवारणीच्या दिवसांत कुत्र्यानं डबक्यातलं पाणी प्यालं किंवा औषधाचा डबा चाटला, तर लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्याची बाहुली बारीक होते, लघवी-संडास आपोआप होते. उंदराच्या काही औषधांत तर दोन-चार दिवस काहीच दिसत नाही. मग नाकातून, हिरडीतून, संडासवाटे रक्त यायला लागतं. अशा वेळी दूध, तूप, तेल पाजू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या मागं लागू नका. औषध अंगावर सांडलं असेल तर मोजे घालून साबणानं अंग धुवा. औषधाचा डबा किंवा पुडी सोबत घेऊन दवाखान्यात जा. नाव कळलं तर डॉक्टरांना त्यावरचा उतारा देता येतो. काही विषांवर उतारा नसतो, पण ते ठरवायलाही नाव लागतं.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कोणताही साप कुत्र्याला चावू शकतो. नाकाडावर आणि पुढच्या पायावर दंश जास्त होतो, कारण कुत्रं हुंगायला पुढं जातं. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, चोखू नका. त्याला चालवू नका. पोत्यावर किंवा चादरीवर झोपवून दोघींनी उचला. आपल्याकडे माणसाला देतात तीच सर्पविषावरची लस कुत्र्यालाही देतात. निघण्याआधी फोन करून ती कुठं आहे ते विचारा, म्हणजे फेरा पडणार नाही.

ऊन. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात होतो. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लालबुंद हिरड्या, मग झोकांड्या. सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला. बर्फ नको, आणि ओलं पोतं अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यानं आत उष्णता कोंडते. जरा सावरलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

मादीचं गर्भाशय. माजावर येऊन महिना-दोन महिने झालेली कुत्री सुस्त झाली, ढसाढसा पाणी प्यायला लागली, पोट फुगलं, मागून पू किंवा घाण वासाचा स्राव आला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. कधी पू आतच साठतो आणि बाहेर काही दिसत नाही. यात शस्त्रक्रिया लागते आणि उशीर जिवावर बेततो.

याशिवाय झटके येणं, श्वासाला त्रास, पोट अचानक ढोलासारखं फुगणं, दिवसभर लघवी न होणं, विताना तास-दोन तास कळा देऊनही पिल्लू न येणं. या सगळ्यांत त्याच दिवशी, त्याच वेळी निघायचं. डोळ्यांना-नाकाला चिपडं, खोकला, आणि काही दिवसांनी अंगाला झटके असा क्रम दिसला, तर तो डिस्टेंपर असू शकतो. असं कुत्रं दुसऱ्या कुत्र्यांपासून लगेच वेगळं ठेवा.

डॉक्टर येईपर्यंत घरात काय करायचं?

सावलीची, कोरडी, वारा लागेल अशी जागा द्या. खाली पोतं अंथरा. दुसऱ्या कुत्र्यांपासून आणि लहान मुलांपासून वेगळं ठेवा. खाण्याची भांडी वेगळी करा.

हगवण असेल आणि कुत्रं गिळत असेल, तर घरचं जीवनजल चालतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा धरा. भांडं पुढं ठेवा, किंवा गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडा. गुरांना पाजतो तसं तोंड वर करून बाटली रिकामी करू नका. ते पाणी फुप्फुसात जातं आणि पहिलं दुखणं राहतं बाजूला. उलटी थांबत नसेल तर पाजणं सोडा आणि दवाखाना गाठा. तिथं सलाइनच लागेल.

मोठ्या कुत्र्याला उलटी झाल्यावर एक वेळ उपाशी ठेवलं तरी चालतं. लहान पिल्लाला उपाशी ठेवू नका. नंतर मऊ भात, त्यात बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, असं दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या. हगवणीत दूध नको.

आणि आता जे करू नये ते. आपल्या घरातल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या रोजच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, यकृत आणि किडनी बिघडवतात. लहान कुत्र्याला तर एखादी गोळीही भारी पडते. गेल्या वेळच्या उरलेल्या बाटलीतलं औषधही नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला बाधतात. द्राक्षबागेतल्या मैत्रिणींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. शिजलेल्या कोंबडीची हाडं टोकदार फुटून आतड्यात रुततात, तीही टाळा.

हळूहळू खाणारे आजार

काही दुखणी एका दिवसात मारत नाहीत, म्हणून आपण ती बघतच नाही.

गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली ते चिकटलेले असतात. रक्त पितात आणि रक्तात ताप सोडतात. गोचीडतापात कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी लाल-तपकिरी होते. रक्त तपासून नेमकं औषध दिलं तर कुत्रं बरं होतं. गोचीड काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. नखांनी चिरडू नका. काढलेले साबणाच्या पाण्यात टाका. गोचीड भिंतीच्या फटीतही राहतात. म्हणून कुत्र्याला औषध केलं त्याच दिवशी त्याची जागाही स्वच्छ करा. गुरांचं किंवा पिकाचं औषध अंदाजानं कुत्र्यावर मारू नका.

लूत. केस गळतात, कातडी जाड होते, कुत्रं रात्रभर खाजवतं. लुतीचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो. त्यावर गाडीचं जळकं ऑइल लावायची पद्धत गावोगावी आहे. ती बंद करा. कुत्रं अंग चाटतं आणि ते ऑइल पोटात जातं. डॉक्टरांच्या औषधानं लूत काही आठवड्यांत जाते, फक्त मध्येच औषध सोडायचं नाही.

जखमेत किडे पडणं. पावसाळ्यात छोट्या जखमेवर माशी बसते आणि दोन दिवसांत आत अळ्या होतात. पेट्रोल, रॉकेल, फिनेल ओतू नका, मांस जळतं. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, माश्या बसू देऊ नका, आणि अळ्या काढायला दवाखान्यात न्या. कानात, डोळ्याजवळ असतील तर वेळ घालवूच नका.

लघवीच्या जागेवरची गाठ. नरमादीच्या मागच्या जागेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते आणि थेंबथेंब रक्त पडतं. आपण म्हणतो, "उष्णता झालीय." ती संगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारी गाठ असते. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली तर ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते.

एक आजार आपल्यालाही लागणारा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्याला कावीळ, ताप, उलट्या होतात आणि त्याच्या लघवीतून तो माणसाला होऊ शकतो. पिवळ्या पडलेल्या कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका. मोजे घाला, पायात चप्पल घाला, नंतर हात साबणानं धुवा. आणि घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराचंही सांगा.

कुठं जायचं, काय सांगायचं

गावातला किंवा शेजारच्या गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गुरांचा नाही, तिथं कुत्रंही दाखवता येतं. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पशुवैद्यक अधिकारी असतात. काही ठिकाणी पशुधन पर्यवेक्षक असतात. आजार मोठा असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात जा. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबईतलं परळ इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथं जनावरांचे दवाखाने चालतात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा मोफत फोन क्रमांक आहे. तिथं फोन करून कुत्र्यासाठी काय सोय होईल ते विचारा.

डॉक्टरांसमोर नुसतं "काही खात नाही" म्हणू नका. पाच गोष्टी सांगा : वय किती, कधीपासून आजारी, उलटी-संडास-लघवी कशी आणि किती वेळा, लशी कोणत्या झाल्या, आणि गेल्या आठ दिवसांत गावात किंवा रानात काय वेगळं घडलं. फवारणी, लग्नातलं उष्टं, कुत्र्यांची भांडणं, साप, काहीही. संडासचा किंवा झटक्याचा मोबाइलवर फोटो, व्हिडिओ काढून नेलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणि कधीकधी डॉक्टर सांगतील, आता उपाय नाही. तेव्हा जनावराला तडफडत ठेवण्यापेक्षा शांतपणे सोडवण्याचा मार्गही त्यांना विचारा. ते पाप नाही. रस्त्यावर नेऊन सोडणं मात्र बरं नाही.

बचत गटानं काय करावं?

मैत्रिणींनो, आज सांगितलेल्या आजारांपैकी रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपर लशीनं टळतात, आणि लेप्टोच्या मुख्य प्रकारांवरही लस असते. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की एकत्रित लस सुरू करायची. ती दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत द्यायची. रेबीजची लस तीन महिन्यांनी आणि मग डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी. जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढं दर तीन महिन्यांनी.

एकटीनं एक कुत्रं तालुक्याला नेणं जिवावर येतं. पण गटातल्या दहा घरांची कुत्री एका दिवशी, एका जागी जमली, तर डॉक्टरांना गावात यायला सांगता येतं. दवाखान्याला गटाच्या नावानं अर्ज द्या. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास अनेक ठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात. आपल्या गावात होणार का, हे ऑगस्टच्या बैठकीतच विचारून ठेवा. भारतानं 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरवलंय. ते दिल्लीत बसून होणार नाही. ते आपल्या दारातल्या कुत्र्याला सुई टोचून होईल.

गटाच्या पेटीत तीन वस्तू ठेवा : जनावरांचा थर्मामीटर, रबरी मोज्यांची जोडी आणि सुती पट्टी. बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा : पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन, 1962, आणि चावलं तर 15 मिनिटं साबण-पाणी. आणि घरातल्या मुलांना आजच सांगा : लाळ गाळणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, आणि कुत्र्यानं चावलं किंवा ओरबाडलं तर मार बसेल म्हणून लपवायचं नाही. लपवलेली जखमच घात करते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, आपल्या कुत्र्याला रेबीजची शेवटची लस कधी दिली. ज्यांना तारीख आठवणार नाही, त्यांची नावं यादीत सगळ्यांत वर लिहा.